नोराचा होकार

४ सप्टेंबर, वॉटरफोर्ड

सकाळी प्रशिक्षण मंडळाची बैठक. डब्लिनच्या खात्याचे परिपत्रक वाचून दाखवण्यात आले. यंदापासून सरकारी अनुदान फक्त संध्याकाळच्या वर्गांना. दिवसाचा वर्ग टिकवायचा असेल तर स्थानिक मंडळाने महिनाअखेरपर्यंत सकारण लेखी हरकत पाठवायची. खात्याचे म्हणणे असे, की नोकरी करणाऱ्याला नोकरी न सोडता नवे काम शिकता आले पाहिजे. म्हणणे अपूर्ण आहे, पण सयुक्तिक.

आमच्याकडे दिवसाचा वर्ग एकच. नोराचा, रुग्णसेवा सहायकांचा, साडेनऊ ते एक. बहुतेक स्त्रिया मुलांना शाळेत सोडून येतात. आपली शुभांगीही त्यांत आहे. मूळची नागपूरची, नवरा लिक्सलिपच्या चिप-कारखान्यात, सोमवारी जातो तो शुक्रवारी परततो.

नोरा संध्याकाळी शिकवायला तयार असेल तर हरकत घ्यायची नाही, नसेल तर घ्यायची, असे ठरले. तिला विचारून अहवाल देण्याचे काम अध्यक्ष डेक्लन यांनी माझ्याकडे सोपवले. मंडळावर मी रहिवाशांची प्रतिनिधी. “प्रोफेसरबाईंनी लिहिलेलं कुणाला पुन्हा वाचावं लागत नाही,” असे ते म्हणाले. एका होय-नाही प्रश्नासाठी एवढी स्तुती अनाठायी. तरी आवडली.

६ सप्टेंबर

नोराला भेटले. वर्गातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मला अजून वृत्तपत्रच आठवते) सरावाच्या चादरी रचत होती.

प्र. — हा वर्ग आपण संध्याकाळी घ्याल का?

उ. — “आय विल, या.”

शब्दशः. म्हणजे ‘घेईन, हो.’ हसून. मी आभार मानले. ती क्षणभर थबकली, मग पिशवीतून एक ब्ला काढून माझ्या हातात ठेवला. पिठाने माखलेला, इथला तो मऊ पाव. “यू आर ग्रँड, प्रोफेसर.”

इतके असंदिग्ध उत्तर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्याच्या चाळीस वर्षांत एकाही सहकाऱ्याने दिल्याचे स्मरत नाही.

९ सप्टेंबर

अहवाल पाठवला. अर्धे पान. “शिक्षिकेची संमती निःसंदिग्ध आहे, ∴ हरकतीस आधार उरत नाही.” पाठवल्यावरही तीनदा वाचला. बरा उतरला आहे.

१६ सप्टेंबर

मंडळाने अहवाल जसाच्या तसा स्वीकारला. हरकत नाही, असे डब्लिनला कळवले. चर्चा शून्य. नोरा मंडळावर नाही; तिच्या विद्यार्थिनीही नाहीत.

१९ सप्टेंबर

दुपारी शुभांगी आली. चहा घेतला नाही, कोटही काढला नाही.

“काकू, वर्ग संध्याकाळी झाला म्हणे. मी कशी येऊ नं? लेकरांजवळ कोण बसन?”

मी म्हटले, काही व्यवस्था करता येईल.

“कोणती? हे लिक्सलिपला. सासूबाईंचा व्हिसा नाही. बाई ठेवायची, तर तिचा पगार द्यायलाच मी शिकून राहिली का?” मग कोटाचे बटण लावत, “सात वर्षं झाली काकू, मी इथं फक्त मुलांची आई आहे. या वर्गात पहिल्यांदा कोणी माझं नाव घेऊन हाक मारली. शुबांगी म्हणते नोरा, पण म्हणते.”

दारात वळून म्हणाली, “सगळ्या बाया नोरावर चिडून राहिल्या. म्हणतात, तिनंच हो म्हटलं. मला नाही पटत. ती कशी हो म्हणन?”

मीही तोच विचार करत बसले. ती कशी हो म्हणाली?

२० सप्टेंबर

जेवताना विषय काढला. मीनल (माझी लेक, इस्पितळातली ड्यूटी करून नुकतीच आली होती) आणि नात ईरा. नोराचे शब्द सांगितले, जसे होते तसे.

ईराने काटा खाली ठेवला. “आजी! आय विल, या? दॅट मीन्स नो. लाइक, नो वे.”

मला वाटले, थट्टा करते आहे. मीनलकडे पाहिले. ती हसू दाबत होती. मग माझा चेहरा पाहून दाबायचे काही उरले नाही. म्हणाली, “आई, इथे सगळे असंच बोलतात. सिगरेट सोडा म्हटलं की पेशंट म्हणतो, आय विल, या. म्हणजे मेलो तरी सोडणार नाही. मला पहिल्याच महिन्यात नर्सनं शिकवलं. कधी म्हणाली ती हे तुला?”

मी म्हटले, शब्द होकारार्थी आहेत. ‘या’ म्हणजे होय. दोनदा होकार.

“आई, मी सहलीला जाऊ का विचारलं की तू काय म्हणायचीस?”

“बघू.”

“त्याचा अर्थ मला सातव्या वर्षी कळत होता.”

ईरा मोठ्याने हसली. मीनल हसली नाही. मी ताट उचलून आत गेले. अन्न बरेच उरले होते.

२१ सप्टेंबर

स्वतःचा बचाव मांडून पाहिला, पूर्वी विद्यार्थ्यांकडून मांडून घेत असे तसा.

नोंद अचूक होती. वक्ता शुद्धीवर होता. शब्द प्रचलित होते. वक्त्याच्या मनातला उपरोध श्रोत्याने गृहीत धरावा, असा नियम नाही. पुन्हा विचारायला हवे होते, हे आज कळते. तेव्हा शंकेला कारण नव्हते.

शेवटचे विधान असत्य आहे. ती हसली होती. मी आभार मानले तेव्हा थबकली होती. ही दोन्ही निरीक्षणे मी याच वहीत, माझ्याच हाताने, सहा तारखेला लिहिली आहेत. अहवालात घातली नाहीत. वाक्य बिघडले असते.

२३ सप्टेंबर

आजचे लिहायलाच हवे, म्हणून लिहिते.

प्रशिक्षण केंद्राच्या दाराशी शुभांगी भेटली. सोबत वर्गातल्या तिघी. नोरा आतून बाहेर आली, “मॉर्निंग, लेडीज” म्हणाली. एकीनेही उत्तर दिले नाही. एकीने तर तोंड फिरवून भिंतीवरची सूचना वाचायला घेतली. नोरा सायकल काढून गेली.

शुभांगीने मला बाजूला घेतले. “काकू, तुम्हीच विचारलं होतं नं तिला? खरं सांगा. काय म्हणाली ती?”

मी म्हटले, “आय विल, असं म्हणाली.”

तीन दिवसांपूर्वी अर्थ समजलेला होता. तरी हे म्हटले. एकही शब्द खोटा नव्हता. किंबहुना तो अंशच मी निवडला, कारण ‘या’ जोडला असता तर शुभांगीच्या सोबतच्या त्या इथल्या तिघींना क्षणात कळले असते. म्हणजे भाषेची समज आली ती केवळ लपवाछपवीसाठी.

शुभांगी म्हणाली, “हो का,” आणि त्या तिघींकडे परत गेली. तिने त्यांना सांगितले. मला पाठमोरी दिसत होती.

अर्धसत्य हे तर्कदोषांत मोजायचे की नाही, यावर मी वर्गात एक पूर्ण तास घेत असे. मुली वहीत उतरून घेत.

२४ सप्टेंबर

काही नाही. घाटापर्यंत चालले, नदीकाठाने. परत आले.

मीनलने विचारले, “बोललीस का कुणाशी?” म्हटले, बघू. तोंडातून निघून गेले. तिने पुढे विचारले नाही.

२६ सप्टेंबर

वर्ग सुटल्यावर नोराकडे गेले. उभ्यानेच सांगितले: प्रश्न माझा, उत्तर तुमचे, अर्थ मी चुकीचा लावला, अहवाल माझा. आणि मंगळवारी दारात, अर्थ कळलेला असताना, तुमच्या नावावर ढकलले ते वेगळे. ते चुकीत धरू नका, ते जाणून केले.

आधी तिला हसू आले. खूप. प्रेसला टेकून हसत राहिली. मग डोळे पुसले, आणि पुसतच राहिली.

“मला वाटलं मंडळानंच खोटं लिहिलं,” म्हणाली. “मी संध्याकाळी कशी येणार, प्रोफेसर? घरी आई आहे. सहा वाजता तिला भरवावं लागतं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे.”

मला माहीत नव्हते. विचारले नव्हते.

“तुम्ही थँक यू म्हणालात, तेव्हाच मला खटकलं. नाही म्हटल्यावर आभार कोण मानतं? मग वाटलं, तुमच्याकडची रीत असेल. नकारही गोड मानून घ्यायची. छान वाटलं मला. म्हणून तो ब्ला दिला. माझ्या जेवणातला होता.”

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “यू आर ग्रँड.” याचा अर्थ मी विचारला. आता विचारते.

“म्हणजे ठीक आहे. म्हणजे... अजून ठीक नाही, पण तुम्ही जा आता.”

२७ सप्टेंबर

डेक्लनना पत्र दिले. टपालाने नाही, हाती. चार ओळी. संमती नव्हती. नकार होता. चूक माझी. मुदत तीस तारखेची आहे, हरकत अजून पाठवता येते. कारण म्हणून हे पत्र जोडावे.

त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले. जिचे लिहिलेले पुन्हा वाचावे लागत नाही ती मी. हसू आले असावे त्यांना, सभ्यपणे आवरले. म्हणाले, मंडळाने एकदा ‘हरकत नाही’ कळवले आहे, आता उलट कळवायचे म्हणजे खाते विचारणार, नेमके खरे कोणते. “माझं नाव द्या,” मी म्हटले. “इतक्या मोठ्या बाईंचं?” “नाव देण्यासाठीच आले आहे.”

मग म्हणाले, “लीव्ह इट विथ मी.”

मी तिथेच विचारले, याचा अर्थ पाठवणार असा आहे की नाही असा. ते म्हणाले, “इट मीन्स लीव्ह इट विथ मी.”

घरी ईराला विचारले. तिने खांदे उडवले. “डिपेंड्स, आजी. फेस कसा होता त्याचा?”

मी चेहरा पाहिला नव्हता. ओठ पाहत होते, शब्द सुटू नये म्हणून.

३० सप्टेंबर

डेक्लन यांच्या कार्यालयात दोनदा दूरध्वनी केला. बैठकीत आहेत. निरोप ठेवला. पाच वाजले.

२ ऑक्टोबर

डब्लिनचे काही नाही. हरकत गेली की नाही, तेही कळलेले नाही. नोराचा वर्ग हा आठवडा साडेनऊलाच भरतो आहे. सोमवारचे तिलाही ठाऊक नाही. त्या तिघींशी तिचे बोलणे झाले, असे मीनलला इस्पितळात कोणाकडून तरी कळले. माझ्याविषयी काय बोलणे झाले ते मीनलने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

दुपारी शुभांगीकडे गेले. तिला नोराकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवे होते. उशीर झाला होता, तिला सगळे ठाऊक होते. तरी पहिल्यापासून सांगितले. मंगळवारचे विशेषतः. ती मुलांचे डबे धूत होती. नळ बंद केला नाही.

“मीच त्या तिघींना सांगितलं काकू,” एवढेच म्हणाली. “तुमचा शब्द म्हणून सांगितलं.”



शेवटी म्हटले: वर्ग संध्याकाळीच राहिला, तर मी रोज तुझ्या घरी येऊन मुलांपाशी बसेन. पाच ते साडेआठ. अभ्यास घेईन, जेवू घालीन. पावसातही येईन. नोराच्या आईचेही पाहता येईल, मीनलशी बोलले आहे.

तिने नळ बंद केला. हात पुसले. माझ्याकडे अगदी आदराने पाहिले, आपल्याकडे मोठ्यांकडे पाहतात तसे.

“बघू, काकू.”

हा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.