दोष डाव्या डोळ्याचा

३ जानेवारी १९३७, अकोला
मारायचे होते खुशालरावाला. लागले वामनरावाला.
खुशालराव माझा चुलतभाऊ. विहीर दोघांची, पाण्याची पाळी एक दिवसाआड. आज पाळी माझी, तरी हा पठ्ठ्या सकाळपासून मोट जुंपून बसलेला. माझी वांगी माना टाकून उभी. चार शब्द झाले, मी काठी उचलली. वामनराव, म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, बडनेऱ्याहून पाहुणा आला होता. तो भांडण सोडवायला मधे पडला आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले.
मन शांत आहे. चूक माझी नाही. माझा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे पाहतो.

५ जानेवारी
कौशल्या भावासोबत बडनेऱ्याला निघून गेली. जाताना म्हणाली, "हात आवरता आला तं न्याले या. नाई तं येऊच नका."
प्रश्न हाताचा नसून डोळ्याचा आहे हे तिला नीट समजावले. ऐकून न घेताच टांग्यात बसली. चुलीवरचे पिठले तसेच ठेवून गेली. करपले.

८ जानेवारी
दिवसभर विचार केला. तीन वर्षांत खुशालरावावर काठी पाच वेळा उगारली. लागली ती अशी: माझा बैल, मोटेचा खांब, पाटलाचा कंदील, पुन्हा माझा बैल, वामनराव. खुशालरावाला एकदाही नाही. याला अन्याय म्हणतात.
अमरावतीला केशवराव नावाचे डॉक्टर तिरळे डोळे सरळ करतात असे कळले. निश्चय केला. ऑपरेशननंतर राग कायमचा बंद. काठी फक्त खुशालरावासाठी.

१२ जानेवारी, अमरावती
डॉक्टरांनी अर्धा तास डोळा तपासला. म्हणाले, हा डोळा लहानपणापासून आळशी आहे, तुम्ही सगळे उजव्यानेच पाहता. ऑपरेशनने डोळा सरळ दिसेल, पण नेम सुधारेल अशा आशेवर राहू नका. काठीचा आणि या डोळ्याचा संबंध नाही.
माणूस सज्जन आहे. पण शहरात राहणाऱ्याला काठीतले काय कळणार? परवाची तारीख घेतली.

१५ जानेवारी
ऑपरेशन काल झाले. दोन्ही डोळे बांधलेले आहेत. बोटाने ओळ धरून लिहितो आहे.
डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले. दुखणार नाही म्हणाले. दुखले नाही, पण आत कात्री चालल्याचा आवाज येत होता. मग डोळ्यामागून काहीतरी मुळा उपटावा तसे ओढले. माझा पाय आपोआप सुटला. ट्रे उडाला. हत्यारे फरशीवर. कंपाउंडरने माझे डोके दाबून धरले, तेव्हा मी त्याच्या हाताला चावलो. त्यानंतर मला चादरीने टेबलाला बांधण्यात आले.
एकंदरीत मी धीराने घेतले.

१७ जानेवारी
शेजारच्या खाटेवरचा पेशंट भरदुपारी घोरतो. दोनदा प्रेमाने सांगितले. तिसऱ्यांदा आवाजाच्या रोखाने पितळी लोटा फेकला. खिडकीची काच गेली. घोरणे चालूच.
तेवढ्यात कौशल्या डबा घेऊन आली. ऑपरेशनचे कळले म्हणून बडनेऱ्याहून पायी आली म्हणे. ज्वारीची भाकर कुस्करून हाताने भरवली. मला फार बरे वाटले. मग म्हणाली, "त्या कंपाउंडरच्या हाताले दात उमटले हायेत, पाहून आली मी. तीन लेकरांचा बाप हाये तो."
मी म्हटले, एकदा डोळा सुधारू दे, मग बघ.
"आता तं डोयेच बांधले हायेत," ती म्हणाली, "तरी लोटा कावून फेकला?"
बायकांना ऑपरेशननंतरचा अशक्तपणा समजत नाही.

२१ जानेवारी
पट्टी सुटली! डोळा सरळ! फक्त सगळे दोन दोन दिसते. दोन डॉक्टर, दोन कौशल्या. काही दिवसांत जाईल म्हणाले. कंपाउंडरची माफी मागायला हात जोडून गेलो, दिसलेल्या दोघांतल्या चुकीच्या कंपाउंडरकडे गेलो आणि कपाटावर आपटलो.
कौशल्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. "लग्नाले अकरा वर्स झाले, पण तुमी मायाकडंच पाहून रायले हे आज पयल्यांदा समजलं," म्हणाली आणि रडली. तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली की आता काठी उगारणार नाही. ती परत यायला तयार झाली. वामनरावाने बडनेऱ्याच्या स्टेशनवर चहा पाजला. त्याचा हात अजून झोळीत आहे. मी तिकडे पाहिले नाही.

२ फेब्रुवारी, अकोला
दोन दोन दिसणे थांबले. त्या लोट्यानंतर सोळा दिवस कोणालाही मारलेले नाही. भाजीबाजारात बायका माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलतात. शपथ पक्की आहे. काठीला फक्त तेल लावून ठेवतो, लाकूड वाळते म्हणून.

९ फेब्रुवारी, दुपार
खुशालराव पुन्हा माझ्या पाळीला मोटेवर. म्हणाला, तुया बैल आजारी होता, पाणी वाया जाऊन रायलं होतं, म्हणून दोन घंटे घेतलं.
मी सरळ पाहिले. एक खुशालराव. एक नाक. इतका स्वच्छ तो आयुष्यात दिसला नव्हता. म्हटले, हीच वेळ. कौशल्या मळ्यातून ओरडत धावत आली.
मी काठी हाणली.
बांगड्या फुटल्याचा आवाज आला. कौशल्या मनगट धरून खाली बसली होती. रक्त होते.
खुशालराव पळाला नाही. जवळ आला, लेकराच्या हातून विळा काढून घ्यावा तशी माझ्या हातून काठी काढून घेतली आणि म्हणाला, "सूर्यभान, लहानपणापासून पाहून रायलो मी. मारतं तवा तू दोन्ही डोये मिटून घेतं."
रागावला असता तर बरे झाले असते.
त्याने आपली बैलगाडी जुंपली आणि कौशल्याला दवाखान्यात नेले. मला कोणी चल म्हणाले नाही.

१० फेब्रुवारी
कौशल्या सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला गेली. या वेळी 'न्याले या' म्हणाली नाही.
खुशालराव खोटारडा आहे. ते सिद्ध करायला आरसा खुंटीला टांगला, दुसरी काठी घेतली आणि समोर उभे राहून जोरात हाणून पाहिली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा आरसा फुटला.
तिन्ही वेळा मी आरशात कसा दिसत होतो, ते मला सांगता येत नाही.