दोन गोळ्यांमधली आई

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुझे शब्द अजून तोंडपाठ आहेत. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी जळोचीला परत आले तेव्हा तू ओसरीवर वांगी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आली का किडकी माघारी." शेजारीण खदाखदा हसली, म्हणून तू ते पुन्हा म्हणालीस. मग रोज भाकरी थापताना तेच, "नवऱ्याला नको झाली, ती मला हवी व्हय?"

पाटाच्या कडेला पाय घसरून तू पडलीस आणि कंबरेतून गेलीस. बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरनं दुखण्यावर जालीम कॅप्सूल दिल्या. झोपेच्या गोळ्या तुझ्याकडे आधीपासूनच होत्या; माझे वडील गेल्यावर मामानं इंदापूरच्या डॉक्टरकडून आणून दिलेल्या. एकाचं दुसऱ्याला सांगायचं तुला सुचलं नाही, आणि मला तर तू औषधांच्या पिशवीला हातही लावू देत नव्हतीस. थोड्याच दिवसांत तुझी जीभ जड झाली, चालताना भिंत धरायला लागलीस. आणि एका दुपारी मला जवळ बोलावून माझ्या केसांतून हात फिरवलास. "लई सोसलंस गं, बाय माझी." मी एवढी मोठी बाई, पदर तोंडात कोंबून रडले. मग रोज दुपारी तुझ्या उशाशी बसायची. तू बोलता बोलता पेंगायचीस. मला वाटायचं, दुखण्यानं तुला मऊ केलं.

मग ती दुपार. तू जेवते आहेस. घास तोंडात तसाच, मान ताटाकडे लवलेली. हलवते, तर डोळे उघडत नाहीस. ओठ निळसर. श्वास येतो, मग बराच वेळ येतच नाही. तोंडातला घास मी बोटानं काढते, शेजाऱ्यांच्या भाजीच्या टेम्पोत तुला आणि तुझ्या औषधांच्या पिशवीला घालते आणि बारामतीपर्यंत ओरडत राहते, "आये, श्वास घे."

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पिशवी पालथी केली आणि दोन्ही औषधं बघून कपाळाला हात लावला. "दोन्ही गुंगी आणणारी. एकत्र घेतली की श्वासच मंदावतो. अजून उशीर झाला असता तर झोपेतच गेल्या असत्या. बोलण्यात काही फरक वाटला होता?"

"व्हय," मी म्हणाले. "गोड बोलत हुती."

"तो औषधाचा अंमल," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

कॅप्सूल बंद झाल्या, झोपेची गोळी त्यांनी हळूहळू कमी करत नेली. तू शुद्धीवर आलीस, पुरती आलीस. नर्ससमोरच म्हणालीस, "ही कशाला बसलीय हितं? मी मरते का बघाया?"

"आये, म्याच आणलं तुला."

"कुणी सांगितलं हुतं?"

त्यानंतर तू पुष्कळ जगलीस, पण माझ्या केसांना पुन्हा हात लावला नाहीस. एकदा धीर करून मी त्या दुपारींची आठवण काढली. तू सुपारी कातरत होतीस. म्हणालीस, "गुंगीत कुत्र्यालाबी कुरवाळलं आसंल."

हे पत्र कुठं धाडायचं नाही. खरं सांगू? वर 'आई' लिहिलं तेव्हा डोळ्यापुढं तू नव्हतीस, ती पेंगणारी होती. तुला वाचवायला नेलं आणि ती गेली. तुझ्या तेराव्याला बायका कुजबुजत होत्या, पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. त्यांना काय सांगणार, मी माझ्या आईला आधीच रडून बसले होते.