सहा महिन्यांची अट

३ मार्च
आजपासून मी कुणाचा नोकर नाही. वकिली नव्या फर्मच्या नावाखाली, पण पगार नाही. अशील आपले आपण आणायचे. ऑफिस घरातच. लेकीच्या रिकाम्या खोलीत टेबल मांडलं, नऊला टाय लावून बसलो. टाय कुणासाठी, असं मॉरीननं विचारलं. बायको आहे, धंद्यातलं तिला काय कळणार.
जुन्या फर्मची एक अट आहे. त्यांच्या अशिलांना सहा महिने माझ्याकडे बोलवायचं नाही. बोलवायला कशाला हवं? आपणहून येतील. पहिला विल्फ्रेड. नँटविचचा हा म्हातारा शेतकरी मला विचारल्याशिवाय कुंपणाचा खांबसुद्धा हलवत नाही.

२८ मार्च
कुणी आलं नाही. ईस्टरच्या आधी मंदी असतेच. नवी व्हिजिटिंग कार्डं मात्र सुरेख. मॉरीननं एक डुगडुगत्या टेबलाखाली सारलं.

१० मे
बाजारात चीजच्या ठेल्यापाशी विल्फ्रेड. त्यानं काठी उंचावली. मी झटकन रस्ता ओलांडला. भर बाजारात अशील फोडला, असं उद्या कुणी म्हणायला नको. शहाणा माणूस आहे, समजून घेईल.

२ जुलै
विल्फ्रेडनं अंथरूण धरलंय म्हणे. मॉरीन म्हणाली, भेटून ये. मी अट समजावली.
"आजारी माणसाला द्राक्षं नेऊ नयेत, असं लिहिलंय का त्यात?"
पुन्हा वाचलं. द्राक्षांबद्दल काहीच नाही. अशा ठिकाणीच माणूस अडकतो. गेलो नाही.

१९ ऑगस्ट
अजून एकही अशील नाही. टाय रोज. विल्फ्रेडची फार आठवण येते. दर नाताळात चीजचा मोठा गोळा घेऊन यायचा आणि अर्धा स्वतःच संपवून जायचा. थोडेच दिवस राहिले.

४ सप्टेंबर, सकाळी नऊ
काल अट संपली. फोन करतो. द्राक्षं आणून ठेवलीत.

साडेनऊ
त्याच्या बहिणीनं, एनिडनं उचलला. विल्फ्रेड शुक्रवारी गेला.
"गॉर्डन, बाजारात तुम्ही त्याला टाळून पलीकडे गेलात. माझं काय चुकलं, असं शेवटपर्यंत विचारत होता."
मला अटीचं सांगता येईना. मग ती म्हणाली, मृत्युपत्राची, इस्टेटीची सगळी कामं गॉर्डनकडेच द्यायची, असं विल्फ्रेड सांगून गेलाय.
पहिला अशील विल्फ्रेडच. टाय काढला. मॉरीन शेजारी येऊन बसली. मी खूप रडलो.