तलाव पक्षाचा न झालेला अध्यक्ष

सावली, ऑगस्ट १९५७

श्रीयुत मनसारामभाऊंस शालिकरामचा रामराम. खाणीतल्या धुळीनं धरलेला तुमचा खोकला आता कसा आहे? वहिनींना नमस्कार. इकडे सर्व खुशाल (तुमची बहीण जरा जास्तच खुशाल आहे, त्याचं कारण सांगायलाच हे पत्र).

निवडणुकीच्या आधी आमच्या गावात दोन पक्षांच्या जीपा आल्या. दोघांनीही तलावातल्या मासळीचा ठेका आम्हा ढिवरांना देऊ म्हणून सांगितलं आणि दोघेही ठेकेदाराच्याच घरी जेवले. माझं डोकं फिरलं. आपलाच पक्ष काढायचा ठरवून मी चांद्याला वकिलाकडे गेलो. त्यांनी घटनेचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "संघटना करायचा हक्क आहे. पण पक्ष कसा चालवायचा, यावर एक ओळ नाही." (एवढं मोठं पुस्तक, आणि ज्यांच्या जीपा गावभर धूळ उडवतात त्यांचं नाव नाही!) मग नियम मीच लिहिले. तलावात उतरणारा प्रत्येक जण सभासद. दर सहा महिन्यांनी अध्यक्षाची निवडणूक. मंजुरी झाली, टाळ्या झाल्या, मी अध्यक्षाच्या खुर्चीकडे निघालो.

तेवढ्यात तुमची बहीण रंभा उठली. "विरोधात उभं राह्यता येते का जी?"

मी छाती फुगवून म्हणालो, "काऊन नाई? लोकशाही आहे!"

"मंग मी उभी आहो."

भाऊ, शिंगाडे काढायला तलावात बायाच उतरतात, हे नियम लिहिताना माझ्या ध्यानातच आलं नाही. सोळा पुरुष, एकवीस बाया. दोन मडक्यांत चिंचोके टाकून मतं घेतली. माझ्या मडक्यात नऊ निघाले. म्हणजे पुरुषसुद्धा फुटले! त्या दिवशी मी जेवलो नाही. रंभानंही आग्रह केला नाही.

पण खरं ते लिहितो. तिनं बायांना घेऊन तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यात ठाण मांडलं. "कागदावर लिहून द्या, मंगच जीप पुढं जाईन," म्हणाली. दोन्ही उमेदवारांनी सही केली. जो निवडून आला, त्याच्यापुढे तिनं तोच कागद धरला, आणि ठेका आम्हा ढिवरांना मिळाला. पहिलं जाळं ओढलं तेव्हा मी रडलो. (पाणी डोळ्यांत उडालं, असं सर्वांना सांगितलं.) मला लिहिता येतं म्हणून तिनं मला चिटणीस नेमलं आहे.

आपला,
शालिकराम

ता. क. येत्या रविवारी अध्यक्षाची नवी निवडणूक आहे. तुम्ही दोघं आणि खाणीतले आठ-दहा जण शनिवारी या आणि तलावात एकेक बुडी मारा. पोहता येत नसलं तरी चालेल.

दुसरा ता. क. चिटणिसाचं पत्र अध्यक्षांना वाचून दाखवावं लागतं. वाचून दाखवलं. वरचा ता. क. तेवढा वगळला.

तिसरा ता. क. पत्र न्यायला आलेल्या नथ्थू पोस्टमननं तोही अध्यक्षांना वाचून दाखवला. रंभा म्हणते, भाऊले खोकला हाय, त्याले पाण्यात उतरू देऊ नका. वहिनीले मात्र जरूर पाठवा.