नकाशातली मोकळी जागा

प्रिय सुयश,

जय भीम. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला अंगठा पाठवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. याला तरी अंगठा चालणार नाही. तेजलची कंबर कशी आहे? आईने तिच्यासाठी नागलीचे पापड करून ठेवलेत. न्यायला कोण येणार, हे विचारायची तिची हिंमत होत नाही.

इकडची बातमी पाण्याचीच. यंदाही नाला गल्लीत शिरला. खालच्या सुरय्याचाचींच्या घरात पलंगापर्यंत पाणी होतं, म्हातारी दोन दिवस आपल्याकडे होती. नाल्यावर स्लॅब टाकून दुकानं उभी राहिली तेव्हा साहेब लोक आले, टेप लावला, भिंतीला नोटीस चिकटवली, चहा पिऊन गेले. तेव्हापासून दर पावसाळ्यात पंप आणि पावसाळा संपला की वाहून गेलेला रस्ता पुन्हा नव्याने. हे सगळं होतं कुणाच्या पैशातून? एप्रिल उजाडला की इस्त्रीचा शर्ट घालून घरपट्टीच्या रांगेत पहिले उभे राहणाऱ्या आपल्या बाबांच्या. लवकर भरली की सूट मिळते, पण ते निमित्त. कंपनीत हजेरी लावायचे तशी ते पट्टी भरतात. यंदा ती वाढून आली, तरी पहिल्याच दिवशी भरून आले. मलाच संताप आला.

आता नाल्याचं पाणी वळवायला नवीन मोठी पाइपलाइन टाकणार आहेत. खरं तर दुकानं हटवली की नाला आपला आपण वाहील, पण दुकानवाल्यांनी कोर्टातून स्थगिती आणली आहे. मग इंजिनिअर गल्लीभर वाट शोधत फिरले. कुणी जिना बाहेर काढलाय, कुणी भाडेकरूसाठी खोली, भिंतीला भिंत चिकटलेली. घराच्या मंजूर नकाशाप्रमाणे बाजूची जागा मोकळी सोडलेलं घर अख्ख्या ओळीत एकच निघालं. आपलं. त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर खूश होऊन म्हणाला, "काका, बरं झालं तुम्ही जागा सोडली, नाहीतर आमचं काम अडलं असतं." बाबांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं आणि आत जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत.

त्या जागेचं तुला मी काय सांगू? लग्न ठरलं तेव्हा तू तिथे एक खोली काढू म्हणालास, सगळी गल्ली काढत होती. बाबांचं एकच, नकाशात नाही. मग सूनही नकाशातच नांदवा, असं तू ओरडलास आणि लग्नानंतर महिन्याभरात तू आणि तेजल पुण्याला गेलात. दोन खोल्यांत तुमचं भागणार नव्हतं हे खरं होतं, आणि बाबाही चूक नव्हते. कुणाला समजावणार होते मी? तेव्हापासून बाबा रोज सकाळी तो बोळ स्वतः झाडतात. गुडघे दुखतात, तरी झाडू दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. आई एकदा चिडून बोलून गेली, पोरगा घालवला आणि बोळ सांभाळला. मला फार वाईट वाटलं रे, दोघांसाठीही.

पाइपलाइनसाठी बाबांची संमती लागते. न दिल्यास पुढच्या पावसाळ्यात चाचींचं घर पुन्हा बुडेल, आणि बाबांना ते बघवणार नाही, म्हणून ते सही करतील असं मी धरून चालले होते. काल इंजिनिअर कागद घेऊन आला तर त्यांनी त्याला परत पाठवलं. उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबाला त्यांनी ताटकळत ठेवलं नसेल. मी कारण विचारलं. म्हणाले, "ती जागा सुयशची होती. त्याला विचारल्याशिवाय कशी देऊ?" मी त्यांना तुला फोन लावायला सांगितलं, तर नको म्हणून मान हलवून बोळात जाऊन उभे राहिले. म्हणून लिहिते आहे. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण येऊन त्यांच्यासमोर म्हण.

वाट बघणारी, तुझीच
संजनाताई