चार इंच खाली

आबा,

साहेबांनी मागच्या आठवड्यात एक पान मागितलंय. यंदाच्या हंगामात मुलींच्या बास्केटबॉल टीमकडून काय अपेक्षा ठेवायची, ते लिहून द्या म्हणाले. साहेब म्हणजे आमचे प्रिन्सिपल. ज्या कॉलेजच्या मैदानावर तुम्ही रिंगचे खांब उभे केलेत, तिथेच मी आता खेळ शिकवते, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अथालच्या शाळेत कुणी रजेवर गेलं की त्यांचे तास घेत होते. त्याला बारा वर्षं झाली. मी अजूनही कंत्राटावरच आहे, दर जूनमध्ये नव्या कागदावर सही करते, आणि खरं सांगायचं तर दमलेय. पान लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत 'आबा' असंच आलं. मग म्हटलं, साहेबांचं नंतर बघू, आधी तुमच्याशी काय ते बोलून घेऊ. तुमच्यावर रागावून बसले होते, हेही सांगून टाकते.

टीम तशी बरी आहे. नऊ जणी आहेत. त्यांतल्या सहा खेळतात, तिघी जर्सीसाठी येतात. उंच आहे ती बोर्डाखाली उभी राहिली की कुणाच्याने हलत नाही, पण पळायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. दुसरी बॉल छान नेते, फक्त खाली बघत नेते, त्यामुळे पास कुणाला द्यायचा ते तिला सगळ्यात शेवटी कळतं. एकीचं माघात लग्न आहे आणि सासरच्यांनी आत्तापासूनच गुडघ्याला लागू देऊ नको असं बजावलंय. आणि कॅप्टन आहे रांधा गावची. डाव्या हाताने बॉल टाकते, आणि आपल्या मैदानावर तिचा बॉल चुकलेला बघायला थांबावं लागतं. तिची मोठी बहीण सायली गावातल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. हिच्यासाठीही तिथे सांगून ठेवलंय. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली तर खेळाडूंच्या जागेतून पुढे शिकायला प्रवेश मिळेल, होस्टेल मिळेल. नाही झाली तर मेमध्ये पॅकिंग. तिच्या घरी यावर वाद नाही, भांडण नाही, नुसतं ठरलंय.

आणि यंदा दिवाळीनंतर आसपासच्या कॉलेजांचे झोनचे सामने पहिल्यांदाच आपल्या मैदानावर आहेत. आपल्या मैदानावर आम्ही हरत नाही, बाहेर गेलो की जिंकत नाही. साहेब याला होम ग्राउंड म्हणतात. पोरी म्हणतात बाहेरचं पाणी बाधतं. मी गेली तीन वर्षं काहीच म्हटलेलं नाही. कारण रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी, आणि आपली नऊ फूट आठ इंचांवर होती. दोन्हीकडे, अगदी सारखी. पाहुण्या टीमचा बॉल मागच्या बोर्डावर आपटून बाहेर जायचा आणि आमच्या पोरी टाळ्या पिटायच्या.

आबा, तुमच्या हातून माप चुकावं? मला फळीचा दिवस आठवतो. मी सहावीत असेन. तुम्ही पहिल्या पाळीहून आलायत, अंगाला वेल्डिंगचा वास आहे, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही ओट्यावर डब्यांसाठी फळी ठोकायला घेतलीये. भिंतीचं माप मी घेतलं. तुमच्या टेपचं टोक झिजलेलं होतं, म्हणून एक इंचाच्या रेघेपासून धरायचं आणि शेवटी तो इंच वजा करायचा, हे तुम्ही शिकवलेलं. मी वजा करायचं विसरले. फळी एक इंच लांब कापली गेली, भिंतीत बसेना. मी शेजारच्या काकांसारखी मान हलवून म्हटलं, "चालशे." म्हणजे चालेल; सगळी सिल्वासा हाच गुजराती शब्द बोलते. कंपनीत, दुकानात, दवाखान्यात, काहीही वाकडं झालं की चालशे. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "या घरात चालशे म्हनायचं नाही," म्हणालात. "भिंतीला विचार, ती म्हनते का चालशे." आई हसली. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या शब्दाला तेव्हापासून घरात बंदी झाली, आणि अजूनही तो कुणी बोललं की मी आधी दाराकडे बघते.

त्यानंतर दोन वर्षांनी तुमच्या कंपनीने कॉलेजला खांब आणि बोर्ड दिले आणि ते बसवायला तुम्हाला पाठवलं. रविवार होता, मला सोबत नेलंत. मैदान मातीचं. तुम्ही शिडीवर, मी खाली, टेपचं टोक मातीवर अंगठ्याने दाबून धरलेलं. "इंच सोडला का?" तुम्ही वरून ओरडता. "सोडला." "परत बघ." तीनदा मोजलंत. दहा फूट, केसभरही इकडेतिकडे नाही. पुढच्या उन्हाळ्यात ठेकेदाराने त्या मातीवर काँक्रीट ओतलं. मैदान चार इंच वर आलं, खांब होते तिथेच राहिले. इतकी साधी गोष्ट. तुमचं माप बरोबरच होतं, फक्त जमीन बदलली. आणि ही जमीन बदललीय, हे इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही असं मी धरून चालले होते.

मी त्याच रिंगवर शिकले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वलसाडला निवड चाचणी होती. दहा बॉल टाकायला दिले. दहाच्या दहा रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत माझ्याकडे आले. तिथले सर चांगले होते, म्हणाले, बेटा, परत टाक. परत तेच. परतीच्या बसमध्ये मी माझा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. घरी आले, तुम्ही जेवत होता. "बॉल कुठं लागत व्हता?" एवढंच विचारलंत. म्हटलं, पुढच्या कडेला. "सगळे?" सगळे. तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात आणि उठलात. मला वाटलं, पोरीची लाज वाटली यांना. पुढच्या आठवड्यात तुम्ही वापीहून बूट आणलेत, पांढरे, घोट्यापर्यंतचे. माझ्या चपलेवर टेप लावून माप नेलं होतंत, त्यामुळे चपखल बसले. मी म्हटलं, मला आता खेळायचं नाही. तुम्ही बूट खोक्यात परत ठेवलेत आणि खोकं माळ्यावर. त्यावर आपण कधीच बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी, सुट्टीत मैदानाच्या रेषा रंगवून घेत होते, तेव्हा सहज म्हणून तुमचा टेप लावला. मग बाजारातून नवा आणून लावला. नऊ फूट आठ इंच. मी त्या काँक्रीटवर बसून राहिले. वलसाडला गेलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात ठीक होता, एवढंच पहिल्यांदा मनात आलं, आणि रडूही आलं. दुसरा विचार आला तो मात्र सांगायला जड जातो. रिंग वर घेतली तर आम्ही घरच्या मैदानावरही हरू, आणि हरणाऱ्या टीमच्या कंत्राटी बाईंना जूनमध्ये कागद कोण देणार? म्हटलं, पुढच्या वर्षी करू. ते वर्ष गेलं. त्या वर्षीची माझी सगळ्यात चांगली पोरगी चाचणीला गेली आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, सगळे पुढच्या कडेला लागत होते." मी तिला पाणी दिलं. ती आता सायली गावात पॅकिंगला असते. पाळी सुटली की रस्त्यात भेटते, हसून नमस्ते करते, आणि मी पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करते.

परवा रविवारी मी वेल्डर बोलावला. ऑफिसात 'बोर्ड हलतो, दुरुस्ती' असं लिहून दिलं. त्याने दोन्हीकडे चार इंचांचा तुकडा जोडला, वरून रंग मारला, दुपारपर्यंत काम संपलं. इतकंच काम होतं आबा. सोमवारी सकाळी पोरी आल्या. एक बॉल जाईना. आधी हसल्या, मग चिडल्या. कॅप्टनने चाळीसएक बॉल टाकले असतील. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, काय पन जात नाय. माझा हातच गेला बघा." मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. आणि त्यातून काय बाहेर पडावं? "चालशे. उद्या जाईल." ती बाजूला जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

घरी येऊन मी आईसमोर तुमच्यावरचा राग काढला. म्हटलं, तीनतीनदा मोजणारा माणूस, काँक्रीट पडल्यावर एकदा बघायला गेला नाही? आई शेंगा सोलत होती. "गेले व्हते ना," म्हणाली. "तू वलसाडहून आली, त्याच रविवारी गेले टेप घेऊन. तुमच्या खेळाच्या सरांना सांगितलं, मी कापून वर करून देतो, फुकट करतो. ते म्हने चालशे, हंगाम व्हऊ द्या." मग? "मग काय. सर बदली व्हऊन गेले. तुले सांगू नको म्हने मला. म्हने पोरगी म्हनीन, बापानंच पाडलं मला." हे तिने इतक्या वर्षांनी, शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं, तू तरी का नाही बोललीस? तर म्हणते, तू कुठं विचारलं?

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बूट आणलेत तेव्हा माहीत होतं, मी खोकं ढकललं तेव्हाही माहीत होतं. रात्रपाळीला जाताना दारात थांबून माझ्याकडे बघायचात तेव्हाही. एक वाक्य बोलला असतात तर मी कदाचित पुन्हा चाचणीला गेले असते. कदाचित नसतेही. मला या गोष्टीचा फार राग आलाय, आणि तो काढायला तुम्ही नाही. पण तुमच्या पोटात केवढी भीती असेल तेही कालपासून कळतंय, कारण तीच माझ्या पोटात आहे. तुम्ही पोरीला घाबरलात, मी परक्याच्या पोरीला.

आज सकाळी तुमचा टेप घेऊन गेले. सगळ्या पोरींना जमवलं, कॅप्टनला टेबलावर चढवलं, वाचायची बाजू तिच्या हातात, झिजलेलं टोक मी खाली काँक्रीटवर धरलं, इंच सोडून. "दहा फूट एक इंच," ती म्हणाली. एक वजा कर. "दहा." मग रंगाखालचा नवा तुकडा दाखवला, काँक्रीटचं सांगितलं, तुमचंही सांगितलं, की माझ्या वडिलांनी मोजलं तेव्हा बरोबर होतं. उंच आहे तिने विचारलं, "मग आम्ही एवढे सामने जिंकलो ते?" जिंकलात, म्हटलं, पण चार इंच खाली. ती उद्यापासून येणार नाही असं मला वाटतं. कॅप्टन टेबलावरून उतरली, रिंगकडे बघितलं, मग हाताकडे. "म्हंजे हात बरोबर हाय," म्हणाली, आणि बॉल घेतला. बारा टाकले. तीन गेले.

साहेबांचं पान आता लिहिता येईल. टीम यंदा घरच्या मैदानावर हरण्याची शक्यता जास्त आहे, कारण आता आपलं मैदान इतर मैदानांसारखं झालंय. एका खेळाडूची निवड होऊ शकते. एवढंच लिहिणार, खाली सही. जूनचं जूनमध्ये बघू. हे दुसरं पान कुठे पाठवायचं नाहीच. तुमच्या टेपच्या चामडी पाकिटात घडी करून ठेवते, तिथे मावेल.

एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. निघताना कॅप्टनने टेप नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मॅडम, तुमाला कधी कळलं?" मी म्हटलं, रविवारी, वेल्डर आला तेव्हा. ती म्हणाली, "बरं झालं, तुमी लगेच सांगितलं." मी हो म्हणाले.