आत प्रार्थना चालू आहे

सोमवार, ३. संध्याकाळी
पाळकसाहेब काल चर्चमध्ये संदेशात म्हणाले, प्रार्थनेला घरात ठरलेली जागा हवी. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ठरलं: रोज पहाटे पाच ते सहा, अडगळीची खोली. आयुष्यभर.

मंगळवार, ४
खोली आवरली, म्हणजे सामान भिंतीला सारलं. व्यायामाची सायकल (दोन महिने), कीबोर्ड (तीन धडे), परकी भाषा शिकायची पुस्तकं (कोरी), इस्त्रीचं टेबल (बायकोचं, म्हणून वापरात). मधोमध खुर्ची. बायको म्हणाली, दाराची बाहेरची कडी सैल आहे, दार आपटलं की आपोआप पडते, आधी ती बघ. अध्यात्मात कडी कुठून आली? शनिवारी करीन.

बुधवार, ५
अलार्म पाचला. उठलो ६:५०. ऑफिसला जाताना सिग्नलला डोळे मिटले. मागच्याने हॉर्न दिला. पण मनःपूर्वक झाली.

गुरुवार, ६
५:२० खोलीत!
५:२४ मुलगी. चार्जर.
५:३१ बायको. पाण्याची मोटर चालू केली का.
५:३५ बॉसचा मेसेज.
घर आहे की बसस्टँड? दारावर पाटी लावली: ‘आत प्रार्थना चालू आहे. हाक मारू नये.’ उद्यापासून फोनही बाहेर. जेवताना दोघींना बजावलं: मी आत कळवळून ओरडेन, रडेन, प्रसंगी दारावर डोकं आपटेन, तरी लक्ष द्यायचं नाही. मुलीने विचारलं, हे साधारण किती वाजता, घरी मैत्रीण येणार आहे.

शुक्रवार, ७
उठणं झालं नाही. आत्याचा फोन. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आता दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. बुधवारी पित्ताशयाचं ऑपरेशन. म्हणाली, भीती वाटते रे, सातला तूच न्यायला ये, आत नेईपर्यंत हात धरून बस. मी म्हटलं, नुसता हात कशाला, आधी तासभर तुझ्यासाठी प्रार्थना करून येतो. ती म्हणाली, तू ये म्हणजे झालं, प्रार्थना गाडीत कर. तिला शिस्त कळत नाही.

शनिवार, ८
कडी राहिली. स्क्रूड्रायव्हर अडगळीच्या खोलीत, सायकलच्या मागे.

रविवार, ९
पाळकसाहेबांनी विचारलं, कसं चाललंय. म्हटलं, नियमित. बायकोला खोकला आला.

बुधवार, १२. सकाळी ९
पाचला उठलो, स्वतःहून. खोलीत गेलो. दार निर्धाराने लावलं. कडी पडली.
सहापर्यंत हाका मारल्या. साडेसहाला दारावर मुठी. बाहेर बायको मुलीला सांगत होती, हळू चाल, पप्पा आज फार खोल गेलेत, आत्यासाठी असणार. मी ओरडलो, मला बाहेर काढ! बायको म्हणाली, आमेन.
सातला आत्याचा फोन. तिला कळवण्यात आलं की मी अजून प्रार्थनेत आहे. ती शेजारणीबरोबर टॅक्सीने गेली.
८:४० ला बायकोला इस्त्रीचं टेबल हवं झालं. सुटलो.

गुरुवार, १३
आत्या बरी आहे. माझा हात धरून म्हणाली, पावणेचार तास बसलास म्हणे. टेबलावर घेताना तेवढाच आधार होता बघ. मग विचारलं, माझं नाव घेतलंस ना?
म्हटलं, सारखं.
बायकोचं घेतलं होतं. मुलीचं घेतलं होतं. कडी बसवणाऱ्या सुताराचा तर उद्धार केला होता. देवाजवळ मागितलं ते एकच: हिला इस्त्रीचं टेबल लागू दे.

रविवार, १६
पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगायला, पुढे बोलावलं. नाही कसं म्हणणार? आत्याने आधीच मंडळीतल्या निम्म्या लोकांना सांगून ठेवलंय. दिली. पावणेचारचे चार झाले. तीन कुटुंबांनी आपल्या आजारी माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या हातात दिल्या.
परतताना हार्डवेअरच्या दुकानापाशी बायको म्हणाली, थांबायचं का?

सोमवार, १७. सकाळी ६:३०
दारात मुलीची चप्पल अडकवली आणि बसलो. आत्याचं नाव घेतलं. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. कोणीतरी हाक मारेल म्हणून बराच वेळ थांबलो.
दार उघडंच होतं. बाहेर दोघी पाटीकडे बघून चवड्यांवर चालत होत्या.